गाडी रात्रीची, मग दिवसभर तंजावरात काय करायचं?

तामिळनाडूची सहल तंजावरला संपवा, असं मी ज्याला त्याला सांगतो. त्यामुळे तिथून फोनही मलाच येतात: "सगळं बघून झालं, गाडी रात्रीची आहे, आता काय?" तुम्हीही तेच विचारलंत.

नवीन काही बघू नका. दारासुरम, कुंभकोणम जवळ आहेत, ठाऊक आहे मला. पण शेवटच्या दिवशी टॅक्सी करून आणखी चार देवळं उरकणाऱ्यांना घरी आल्यावर कुठला फोटो कुठल्या देवळातला हेही सांगता येत नाही.

खोली सोडा, सामान हॉटेलातच ठेवायची विनंती करा. सकाळी राजवाड्यातल्या कलादालनात एकाच मूर्तीसाठी जा: तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव, 1011 सालचा, काशाचा. जटा पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या, एक हात नंदीवर रेललेला. नंदी केव्हाच हरवलाय. हाताखाली काहीच नाही, तरी हात रेललेलाच दिसतो!

शेजारीच सरस्वती महाल ग्रंथालय. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे काशीयात्रेहून पोथ्या घेऊन आले, त्याही इथल्याच संग्रहात. आपल्याला आत फक्त छोटं संग्रहालय बघायला मिळतं, तेवढंही चालेल.

दुपारी मात्र निवांत जेवा. मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वर, तेव्हा बंद असतं, आणि अनवाणी पायांना अंगणातला दगड सोसवत नाही.

चारनंतर तिथे परत जा. हे देऊळ राजराज चोळाने 1010 मध्ये पुरं केलं, विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे 66 मीटर उंच. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं कुणीतरी सांगेलच. उन्हं कलली की अंगणात स्वतः बघा, चांगली लांबलचक पडते.

मग नैर्ऋत्येकडच्या ओवरीत जा. तिथे भिंतीवर देवनागरीत मराठी कोरलेली आहे, भोसले घराण्याचा इतिहास, 1803 सालचा. पहिल्या फेरीत आपण सगळे "अरे, मराठी!" म्हणून फोटो काढतो आणि पुढे सरकतो. आता बसा आणि वाचा. शब्द एकमेकांना चिकटलेले, विरामचिन्हांचा पत्ता नाही. मोठ्याने वाचलं की सुटत जातं. वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. 1799 च्या तहाने तंजावरचा कारभार इंग्रजांकडे गेला होता. सरफोजींच्या हाती राहिला किल्ला आणि ठरलेला तनखा. त्यानंतर चारच वर्षांनी त्यांनी हा इतिहास कोरून घेतला, तोही स्वतःच्या वाड्यात नव्हे, तर चोळांच्या देवळात. राज्य चालवणाऱ्याला एवढं लिहून ठेवायची निकड वाटली असती असं मला नाही वाटत. हा मजकूर मला फुशारकीचा कमी आणि हिशेब मांडून ठेवल्यासारखा जास्त वाटतो. तुम्हाला वेगळं वाटलं तर जरूर कळवा.

शेजारी उभं राहून कुणी तमिळ हेल काढत मराठीत "कुठले तुम्ही?" विचारलं तर दचकू नका. तंजावरी मराठी घरं अजून आहेत. गप्पा मारा, गाडीला वेळ आहे.

खरेदीचं म्हणाल, तर तंजावर चित्र शेवटच्या तासात घेऊ नका. घाईत त्यावरचा सोन्याचा वर्ख खरा की खोटा ते बघायचं राहून जातं, आणि काचेची फ्रेम वरच्या बर्थवर सांभाळत रात्र काढावी लागते. मान डोलावणारी बाहुली घ्या, पिशवीत मावते.