टाइम प्लीज

दुपारी जरा डोळा लागतोय तोवर खालून आरोळी आली, "टाइम प्लीज!" मागोमाग दुसरी, "चीटिंग! आउट झाल्यावर म्हणालास, धरलं नाही!" मग पाच-सहा जणांचा एकच कालवा. झोप गेली ती गेलीच. पण हा शब्द अजून चालू आहे, हे ऐकून बरं वाटलं.

आमच्यात मूठ ओठांशी नेऊन म्हणायचं. मूठ नसली तर टाइम प्लीज धरत नसत. मी बरीच वर्षं कच्चं लिंबू होते. पळायचं सगळ्यांबरोबर, पण आउट नाही आणि राज्यही कधी नाही. एकदा पकडापकडीत एक मोठा मुलगा दुसऱ्याच्या छातीवर बसून त्याला बुकलायलाच लागला. खेळ कुठे संपला आणि मारामारी कधी सुरू झाली, कळलंच नाही. बाकीचे गोल करून बघत उभे. मी मूठ ओठांशी नेली आणि जीव खाऊन ओरडले, "टाइम प्लीज!" गोलातली एक ताई मागे न बघता म्हणाली, "तुझं धरायचं नाही, तू कच्चं लिंबू." नियमाला धरूनच होतं ते. खालच्याचं नाक फुटलं होतं.

हे आठवायचं कारण उशाशीच पडलं होतं. झोपण्याआधी मी ब्रिटिश संसदेतल्या एका मतदानाबद्दल वाचत होते. (लोक दुपारी कादंबऱ्या वाचतात. असो.) 15 नोव्हेंबर 2023. गाझातल्या युद्धाचा सहावा आठवडा. स्कॉटिश नॅशनल पार्टीने राजाच्या अभिभाषणावर उपसूचना आणली, शस्त्रसंधीची मागणी करा म्हणून. तेव्हाचा प्रमुख विरोधी पक्ष मजूर पक्ष, नेते किअर स्टार्मर. त्यांचं म्हणणं, शस्त्रसंधी नको, मानवतावादी विराम हवेत, जास्त वेळाचे. म्हणजे टाइम प्लीज चालेल, पण खेळ बंद म्हणायचं नाही. कारण आत्ता थांबलं तर लढाई आहे तिथेच गोठणार, हमासची ताकद शाबूत राहणार, आणि 7 ऑक्टोबर, म्हणजे हमासचा इस्रायलवरचा हल्ला, पुन्हा होऊ शकणार. 7 ऑक्टोबरला काय झालं ते आठवलं, तर या युक्तिवादाला नुसतं नाक मुरडता येत नाही. तरी त्यांच्याच 56 खासदारांनी पक्षादेश झुगारून मत दिलं. जेस फिलिप्स यांच्यासह काहींनी पुढच्या बाकावरची, म्हणजे पक्षाच्या प्रवक्त्यांची, पदं सोडली. उपसूचना पडली, 125 विरुद्ध 293.

आणि पडली नसती तरी? वेस्टमिन्स्टरच्या मतमोजणीसाठी तिथे कुणी बंदूक खाली धरून बसलं नव्हतं. परक्या युद्धात ब्रिटनच जिथे जेमतेम लिंबूटिंबू, तिथे त्याचा विरोधी पक्ष म्हणजे लिंबाचंही लिंबू. मग इतकं तोलूनमापून बोलायचं कशाला? मला वाटतं, राज्य आपल्यावर येणार याची चाहूल लागली की माणूस आधीपासूनच तसा बोलायला लागतो. मला याचाच राग येतो. अरे, अजून आलं नाहीये ना राज्य! ज्याचं धरत नाहीत त्याने तरी मोकळेपणी ओरडावं.

पुढे 24 नोव्हेंबरला खरोखरच टाइम प्लीज झालं. सात दिवस टिकलं. 21 फेब्रुवारी 2024 ला मजूर पक्षाने स्वतःच तात्काळ मानवतावादी शस्त्रसंधीची उपसूचना मांडली. सभापती लिंडसे हॉइल यांनी ही उपसूचना प्रथा मोडून आधी घेतली म्हणून स्कॉटिश पक्ष आणि तेव्हा सत्तेत असलेला हुजूर पक्ष रागावून बाहेर पडले, सभापतींना माफी मागावी लागली, आणि त्या गोंधळात ती मतविभागणी न होताच मंजूर झाली. नोव्हेंबरात जो शब्द जड जात होता, तो फेब्रुवारीत तोंडात बसला. मधले तीन महिने गाझात कसे गेले ते सगळ्यांनी पाहिलंय. जुलैत राज्य आलं.

खाली आता शांत आहे. आउट झालेल्याचं धरलं की नाही, कोण जाणे.

आमची ती मारामारी कुणाच्या सांगण्यावरून थांबली, हे कितीही आठवलं तरी आठवत नाही. बहुतेक वरचा दमला असावा. माझी मूठ तोवर ओठांशीच होती.