नवसाची माणसं

नोव्हेंबरात स्टॉकहोमला दुपारी तीनच्या सुमारास दिवे लागतात. अशा वेळी घरी थांबलं की झोपच लागते, म्हणून मी मेडेलहाव्समुसेएतमध्ये जाऊन बसते. जुन्या बँकेच्या इमारतीतलं हे भूमध्य समुद्राकडच्या वस्तूंचं संग्रहालय. पोरंटोरं ममींकडे पळतात. मला सोन्याबिन्यातही रस नाही, सोनं काय सराफाकडेही दिसतं. मी सायप्रसच्या मातीकडे जाते.

काचेपलीकडे मातीची माणसं उभी असतात. वीतभर उंचीची पुढे, त्याहून मोठी मागे आणि शेवटी थेट पुरुषभर उंचीची. टोकदार टोप्या, दाढ्या, ऐसपैस नाकं. मधेच रथ, बैल. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

1929 साली सायप्रसमधल्या आयिया इरिनी गावचा पाद्री मूर्तीचा वरचा तुकडा घेऊन निकोसियाच्या संग्रहालयात गेला. त्याच्या शेतात कुणीतरी चोरून खणत होतं. पुरातत्त्वज्ञ आयनार येर्स्तादची स्वीडिश मोहीम तेव्हा बेटावरच होती. तिने ते शेत खणलं, तर वेदीभोवती अर्धवर्तुळात सुमारे 2000 आकृत्या! पुराच्या गाळाने त्यांना अडीच हजार वर्षं जागचं हलू दिलं नव्हतं. देवाचं नाव काही मिळालं नाही. मिळाला तो एक गुळगुळीत, लंबगोल दगड. आता आपल्याला यावर आणखी काय सांगायला हवं? शेंदूर तेवढा राहिलाय.

ही सगळी नवसाची माणसं. भक्त घरी, शेतात, कामाला. त्याच्या वतीने मातीचा तो देवापुढे हजर.

आमच्या आजीचा सगळा भरवसा खंडोबावर, पण गुडघ्याचं खातं तिने मोत माउलीकडे, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीकडे दिलेलं. सप्टेंबरात तिथल्या जत्रेला ती मला घेऊन जायची. टेकडीच्या वाटेवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मांडलेली असत.

"उजवा की डावा?" विकणारी बाई विचारायची.

"उजवाच. पण डावाही कुरकुरतोय हल्ली."

"मग जोडीच घ्या ना, मावशी."

यावर आजी जी घासाघीस करायची, ती ऐकून माउलीनेही कानावर हात ठेवले असते. पाय धरायचं काम माझ्याकडे. हाताच्या उबेने मेण बोटांना चिकटायचं. पाची बोटं, अंगठ्याला नखसुद्धा. गुडघा मात्र कुठेच नाही, वर सरळसोट नळकांडं. नेमकं दुखतंय कुठे हे माउलीला कळणार कसं, या काळजीने मी रांगेत हैराण व्हायचे. आजीला विचारलं तर म्हणाली, "तिला कळतं. तू सरळ धर."

गुडघा शेवटपर्यंत दुखला. जत्रा तिने चुकवली नाही.

परवा काचेशी नाक लावून बघताना एका बारक्याच्या पाठीवर बोटाने माती दाबल्याचा खळगा दिसला. सायप्रसच्या कुण्या कुंभाराचं बोट. त्याच्या शेजारचा मोठा बराचसा त्याच्याच तोंडवळ्याचा. खणून झाल्यावर या मूर्तींची वाटणी झाली, काही निकोसियात राहिल्या, काही इकडे आल्या. कुणी वाटल्या, कशा? एका घरातल्या बापाने आणि लेकाने एकाच दिवशी आपापली मूर्ती वाहिली असेल, तर आज बाप तिकडे आणि लेक इथे बर्फात असायचा.

असेना. माझे बाबाही ठाण्यातच असतात.