घाणेरीचा उतार, दुसरा पावसाळा: फुलपाखरं मोजायची की अंडी?

गेल्या वर्षी उतारावरची घाणेरी (लँटाना, बाहेरून आलेलं झुडूप) काढायला घेतली आणि तक्रार आली की फुलपाखरं गेली. त्या तक्रारीचं उत्तर इथे आहे. पट्टा तोच: २० मीटर लांब, १० मीटर रुंद, मुरमाड, पश्चिमेकडे उतरता, खासगी मालकीचा. (जागा वनखात्याची असेल तर लेखी परवानगीशिवाय कुदळ लावू नये, घाणेरीलासुद्धा नाही.) उताराला आडव्या अशा तीन पट्ट्या आखल्या आहेत. पहिली गेल्या वर्षी मोकळी केली, दुसरी यंदा. तिसरी मुद्दाम ठेवली आहे. बुलबुल आणि सातभाई त्या जाळीत घरटी करतात, आणि सगळा उतार एकदम उघडा पडला तर जुलैच्या एका झडीत माती खाली ओढ्यात जाते.

काढणीची पद्धत दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांच्या गटाने रूढ केलेली. खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे एक फुगीर गाठ असते आणि सगळे धुमारे तिथूनच फुटतात. त्या गाठीच्या खाली, मातीत साधारण चार बोटं, पहारीने किंवा अरुंद पात्याच्या कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उपटून मुळं वर करून उलटं ठेवायचं. अख्खं मूळ खणून काढायची गरज नाही, त्याने माती उगाच ढिली होते. कोयत्याने जमिनीलगत छाटलं तर एका खोडाचे दहा होतात, पेटवलं तरी तेच. फांदी ओल्या मातीवर आडवी पडली की पेरापेराला मुळं फुटतात, म्हणून ढीग कातळावरच रचायचा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, फळं काळी पडायच्या आत हे काम उरकावं. फळं धरली असतील तर ती आधी तोडून गोणीत भरावीत.

खरी मेहनत पुढेच आहे. उतारावर एखादं जुनं झाड असेल तर त्याच्या फांद्यांखाली घाणेरीची रोपं दाट उगवतात, कारण फळं खाऊन पक्षी तिथेच बसतात. दर तीन आठवड्यांनी फक्त तेवढा घेर तपासला तरी बरंच काम होतं. वीतभर उंचीचं रोप ओल्या मातीतून दोन बोटांनी निघतं, महिनाभर उशीर झाला की कुदळ लागते. मोकळ्या जागेत गाजरगवत आणि रानमोडी ही तणं आधी हजर होतात. गाजरगवताची भारतातली पहिली म्हणून ओळखली जाणारी नोंद १९५६ साली छापली गेली, तीही पुण्यातली. गाजरगवत फुलोरा यायच्या आत, हातमोजे घालूनच उपटायचं. त्याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की पाठ सोडत नाही.

आता मूळ तक्रारीकडे: ‘घाणेरी काढली आणि फुलपाखरं गेली.’ पहिल्या मोसमात तसं दिसणारच. घाणेरीचा गुच्छ जवळून पाहा. मधली ताजी फुलं पिवळी, कडेची जुनी गुलाबी किंवा लाल. फुलपाखराची सोंड बहुतेक पिवळ्यातच जाते, रस तिथेच असतो. पण याच झुडपाच्या पानाखाली अंडी शोधा. आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना ते पान चालत नाही. घाणेरी म्हणजे रस्त्याकडेची चहाची टपरी, गर्दी असते पण घर कोणाचंच नाही. नुसती उडणारी फुलपाखरं मोजली की घाणेरीचा उतार समृद्ध वाटतो, आणि तिच्या सावलीत दबलेली अळ्यांची खाद्यवनस्पती हिशेबात येतच नाही.

म्हणून वहीत तीन रकाने करा: रस पिणारी, अंडी घालणारी मादी, अंडी-अळ्या. मोजणी ठरलेल्या वाटेने, संथ चालीने, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्याच चौकटीत. ऊन हवं, वारा पडलेला हवा, सकाळी दहाच्या आसपास. तिसऱ्या रकान्यासाठी वेगळी फेरी, तीही पानं उलटून.

लागवडीत रस आणि खाद्य असा दुहेरी विचार. रसासाठी निर्गुडी (पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी जूनमध्ये खोचली तरी लागते) आणि दिंडा. तरवड फुलतोही आणि पिवळसर इमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्यांना पानंही पुरवतो. त्याचं बी कडक असतं, उकळून उतरवलेल्या पाण्यात रात्रभर भिजवावं. पायोनियर फुलपाखराच्या अळ्यांसाठी वाघाटी, नीलवंत (ब्लू मॉर्मन) फुलपाखराच्या अळ्यांसाठी माकडलिंबू.

कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या फुलपाखरांसाठी सापसनची वेल, आणि इथेच चूक होते. नर्सरीत त्याच कुळातली परदेशी, मोठ्या फुलांची बदकवेल ‘फुलपाखरांची वेल’ म्हणून गळ्यात मारतात. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या फुलपाखराची मादी अशाच एका दक्षिण अमेरिकी बदकवेलीवर अंडी घालते आणि अळ्या पान खाऊन मरतात. मादी पुढच्या पायांनी पानावर टकटक करून चव घेते, रसायन ओळखीचं लागलं की अंडं ठेवते. पान पोटात गेल्यावर काय होईल, हे तिला कळत नाही. सापसनचं पान लांबट, बदकवेलीचं रुंद, हृदयाच्या आकाराचं. एकच वेल लावू नका, अळ्या ती दोन आठवड्यांत बोडकी करतात. निदान पाच-सहा हव्यात, तांबूस-नारिंगी गोल अंडं दिसलं की त्या वेलीची छाटणी बंद.

याच्या उलट प्रकार टॉनी कोस्टर या फुलपाखराचा. त्याच्या अळ्या अमेरिकेतून आलेल्या वेलघाणीवर (पॅशनफ्लॉवरच्या कुळातली वेल) मजेत वाढतात. मग ती ठेवावी का? नेवाडात कार्सन सिटीजवळच्या एका कुरणात एडिथ्स चेकरस्पॉट या फुलपाखराने युरोपातून आलेल्या प्लांटॅगो या तणावर अंडी घालायला सुरुवात केली. तिथे अळ्या जास्त जगत, म्हणून ती आवड असलेल्या माद्यांची संतती वाढत गेली आणि मूळची स्थानिक खाद्यवनस्पती कॉलिन्सिया मागे पडली. गुरं चारणं थांबलं, गवत वाढून प्लांटॅगोवर सावली पडली, आणि ती सगळी वस्ती संपली. काही वर्षांनी तिथे पुन्हा फुलपाखरं आली, ती कॉलिन्सियावर. आयती सोय पिढ्यान् पिढ्या टिकली की निवडच बदलते, आणि सोय माणसाच्या हातात असेल तर एका निर्णयात जाते.

त्यामुळे वेलघाणी सरसकट उपटलेली नाही. टॉनी कोस्टरच्या अळ्यांचं देशी खाद्य असलेल्या रतनपुरुषाची रोपं आधी रुजवायची, त्यांवर कोस्टरच्या अळ्या दिसल्या की वेलघाणी टप्प्याने कमी करायची. तिसऱ्या पट्टीलाही हीच अट: निर्गुडी फुलून रसाचा रकाना भरेपर्यंत तिथे पहार लावायची नाही.