अंधाऱ्या सभामंडपासाठी कॅमेरा: डी३५०० की १५००डी?

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि गेली काही वर्षे नाशिक जिल्ह्यातील वीरगळांची (लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मारकशिळांची) व यादवकालीन मंदिरांवरील शिल्पांची छायाचित्रांसह नोंद करतो आहे. २०१९ पर्यंत हे सारे काम मोबाइलवर चालले होते. उघड्यावरच्या वीरगळांसाठी तेवढ्याने भागत असे, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात खालच्या टप्प्यातले युद्ध, मधल्या टप्प्यात वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वरची शिवपूजा हे सगळे झिजलेल्या दगडावरही उठून दिसते. मंदिराच्या आत पाऊल टाकले की मात्र मोबाइल खांबावरची नक्षी धुऊन काढल्यासारखी गुळगुळीत करून टाकत असे, आणि घरी येऊन चित्र मोठे केले की समोर कीर्तिमुख (सिंहासारखे उग्र मुख) आहे की नुसती पानांची वेल, हेच ठरवता येत नसे. दोन दिवाळ्या टाळलेली खरेदी त्या वर्षी करायचीच, असे ठरवले.

खर्चाची मर्यादा चाळीस हजारांची होती. त्या मर्यादेत नवे घेण्यासारखे, दोन-तीन वर्षांत जुनाट न वाटणारे असे दोनच कॅमेरे शेवटी उरले: निकॉनचा डी३५०० आणि कॅननचा १५००डी. दोन्ही २०१८ साली आलेले. (कॅननचा हाच कॅमेरा युरोपात २०००डी आणि अमेरिकेत रेबेल टी७ या नावाने विकला जातो, हे कळेपर्यंत मी तीन वेगळे कॅमेरे समजून अर्धा दिवस परीक्षणे वाचत बसलो होतो.) कागदावर दोघांत फारसे अंतर दिसत नव्हते. निकॉनचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) २४.२ मेगापिक्सेलचा, कॅननचा २४.१, दोघांचाही तीन इंची पडदा पाठीला जखडलेला, दोघांच्याही व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) प्रत्यक्ष चित्राचा ९५ टक्केच भाग दिसतो, म्हणजे कडेला नको असलेली विजेची तार चित्रात हमखास येणारच. फोकसचे बिंदू निकॉनचे ११ आणि कॅननचे ९, सेकंदाला चित्रे निकॉनची ५ आणि कॅननची ३. दगडातली अप्सरा जागची हलत नसल्यामुळे या शेवटच्या दोन आकड्यांवर मी सरळ काट मारली.

दुकानात काउंटरपलीकडून हातात दिलेला कॅमेरा पाच मिनिटांत काही सांगत नाही. म्हणून शेजारच्या मुलीकडून तिचा १५००डी एका दिवसासाठी मागून घेतला आणि लग्नाच्या फोटोग्राफरांना सामान भाड्याने देणाऱ्या एका दुकानातून डी३५०० आणला. दोन्हींसोबत १८-५५ मिमीची, हाताचा कंप सावरणारी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी लेन्स) होती. डिसेंबरातल्या एका कामाच्या दिवशी, गर्दी नसेल अशा बेताने, दोन्ही घेऊन सिन्नरच्या गोंदेश्वराला गेलो.

गोंदेश्वर निवडण्यामागे कारण होते. मधले शिवमंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळे अशी ही पंचायतन रचना काळ्या बेसाल्टमध्ये उभी आहे आणि तिच्या सभामंडपात कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. दारातून येणारा उजेड डोळे दिपवतो, तर त्यापासून चार हातांवरचा खांब काळोखात असतो. शिवाय ते संरक्षित स्मारक असल्यामुळे पूर्वपरवानगीशिवाय तेथे ट्रायपॉड लावता येत नाही. माझी निम्मी कामे अशाच जागी चालतात, तेव्हा कॅमेरा हातात धरूनच जे साधेल ते खरे.

पहिला धडा दोन्ही कॅमेऱ्यांनी सारखाच दिला. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे चौकटभर काळा दगड आला की तो चित्र गरजेपेक्षा उजळ करतो आणि बेसाल्ट सिमेंटसारखा दिसू लागतो. एक्स्पोजरची (चित्रात येऊ द्यायच्या उजेडाची) भरपाई उणे एकवर नेली तेव्हा दोन्हींत दगड पुन्हा दगडासारखा दिसला.

मग खांबांकडे वळलो. १८ मिमी, एफ/३.५ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे), आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) १६०० आणि शटर १/१५ सेकंद, अशी मांडणी ठेवून प्रत्येकी दहा चित्रे काढली. निकॉनची आठ धारदार आली, कॅननची सात. हा फरक कॅमेऱ्याचा नव्हे, माझ्या श्वासाचा. कंप सावरण्यात दोन्ही लेन्स तोलामोलाच्या आहेत. जागेच्या बाबतीत मात्र थोडा फरक जाणवला. कॅननचा सेन्सर किंचित लहान असल्यामुळे त्याची १८ मिमी लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने सुमारे २९ मिमीची ठरते, निकॉनची २७ मिमीची, म्हणजे थोडे जास्त रुंद दृश्य घेणारी. आणि पाठ भिंतीला टेकल्यावर मागे सरायला जागाच नसते, तेव्हा हे दोन मिलिमीटर खांबाचा वरचा हस्त (तुळईला आधार देणारा भाग) चौकटीत घ्यायचा की सोडायचा, हे ठरवतात.

खरा निकाल दाराच्या चौकटीने लावला. दाराबाहेरचा उजेड जळू नये अशा बेताने एक्स्पोजर ठेवले की आतली द्वारशाखा (दाराच्या चौकटीची कोरीव पट्टी) जवळजवळ काळी येते; ती नंतर संगणकावर उजळावी लागते. दोन्हींवर आयएसओ २०० ठेवून, कोपर ओट्याला टेकवून, रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) चित्रे घेतली आणि रात्री घरी सावल्या तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) वर उचलून पाहिल्या. कॅननच्या चित्रात काळोखातून रंगीत ठिपके वर आले आणि त्यांतून बारीक पट्टे उमटले. द्वारशाखेवरची वेल त्या पट्ट्यांत अडकून बसली. निकॉनच्या चित्रातही दाणे होते, पण पट्टे नव्हते आणि वेलीचे पान न् पान मोजता येत होते. गंमत अशी की कागदावर येथे कॅनन वरचढ आहे: त्याची रॉ फाइल १४ बिटांची, तर डी३५०० ची १२ बिटांचीच (जास्त बिट म्हणजे उजेडाच्या जास्त बारीक पायऱ्या). मोठा आकडा पाहून मीही आधी कॅननच्या बाजूला एक टिंब दिले होते. परंतु सेन्सरवरून संकेत वाचतानाच जर त्यात खरखर मिसळत असेल, तर जास्तीचे दोन बिट त्या खरखरीची अधिक बारकाईने नोंद ठेवण्यापलीकडे काही करत नाहीत, हे त्या दोन चित्रांनी मला समजावले.

कॅननची बाजू येथे न मांडणे अन्यायाचे होईल. त्यात एकाच दृश्याची कमी, बरोबर आणि जास्त उजेडाची तीन चित्रे आपोआप घेण्याची सोय आहे. डी३५०० मध्ये ती नाही. तीन चित्रे एकत्र जोडली तर दार आणि द्वारशाखा दोन्ही साधतात, आणि ट्रायपॉड असता तर कदाचित कॅननच जिंकला असता. पण हातात धरून काढलेली तीन चित्रे केसभर इकडेतिकडे सरकतात, आणि जोडणीत वेलीच्या कडा दुहेरी झालेल्या मला दिसल्या. नक्षीची नोंद करणाऱ्याला दुहेरी कडा म्हणजे खोटी नोंद.

बाकीच्या बाबींत पारडे कधी इकडे झुके, कधी तिकडे. कॅननमध्ये वाय-फाय आहे, त्यामुळे चित्र जागच्या जागी मोबाइलवर घेऊन गावातल्या जाणत्या माणसाला दाखवता येते; निकॉनकडे केवळ ब्लूटूथ, त्यावरून मोबाइलवर येणारी चित्रे बहुधा दोन मेगापिक्सेलची, आणि तीही रेंगाळत येतात. पडद्यावर पाहून फोकस करताना उलट कॅननची किट लेन्स घरघर करत पुढेमागे होत असे, तर निकॉनची नवी एएफ-पी लेन्स आवाज न करता चटकन बसत असे. बॅटरीचा मुद्दा खेड्यांत हिंडणाऱ्याला क्षुल्लक वाटू नये: प्रमाणित चाचणीनुसार एका भारणीत कॅनन सुमारे ५०० चित्रे देतो आणि निकॉन १,५५०. बॅटरी व कार्डासह कॅननचे वजन ४७५ ग्रॅम, निकॉनचे ४१५. आणि निकॉनची मूठ खोल असल्यामुळे तो वजनाच्या मानानेही हलका भासतो.

इतके होऊनही मी अडलो, तो मित्राच्या लेन्समुळे. त्याने आपली जुनी निकॉनची ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स मला देऊ केली होती आणि माझा अर्धा ओढा त्या फुकटच्या लेन्सकडे होता. ती डी३५०० वर बसली, पण स्वयंचलित फोकस होईना. निकॉनच्या या जुन्या लेन्सचा फोकस कॅमेऱ्याच्या अंगातली मोटर फिरवते, आणि स्वस्त निकॉनमध्ये ती मोटर नसते. तेथे मोटर लेन्समध्येच असलेली एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्स लागते. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट (लेन्स बसवण्याची जोडणी) आणतानाच मोटर लेन्समध्ये घातली, त्यामुळे १५००डी वर हा प्रश्नच उद्भवत नाही. जुन्या लेन्स गोळा करून काम भागवायचे असेल, त्याने या एका मुद्द्यावर कॅनन घ्यावा, असे मी आजही सांगतो.

मला सांगितलेल्या किमतींत कॅनन साधारण सहा हजारांनी स्वस्त पडत होता. शेवटी त्या काळ्या द्वारशाखेकडे पाहून निकॉन घेतला.

खरेदीही सरळ झाली नाही. एका दुकानदाराने बराच कमी भाव सांगितला, खोका समोर ठेवला आणि "सर, हाच तो," म्हणाला. लेन्स हातात घेऊन पाहिली तर तिच्यावर १८-५५ होते, पण पुढची व्हीआर ही दोन अक्षरे नव्हती. कंप न सावरणारी ही लेन्स दिसायला हुबेहूब तशीच असते, त्यामुळे गोंदेश्वरात दिवसभर लेन्स हाताळली नसती तर माझ्याही ध्यानात आले नसते. "उजेडात काही फरक पडत नाही," असे त्याने समजावले. मला उजेडात काम करायचे नव्हते. शिवाय हमीपत्र कंपनीचे नसून त्याच्याच दुकानाचे होते, म्हणून तेथून उठलो आणि अडीच हजार जास्त मोजून दुसरीकडे पक्क्या बिलाने घेतला.

शेजारच्या मुलीला तिचा कॅमेरा परत करताना दोन्ही चित्रे दाखवली. ती म्हणाली, "काका, मी तर सावल्या कधी एवढ्या उचलतच नाही." तिचे खरे होते, ती मैत्रिणींचे फोटो अंगणात काढते आणि लगेच मोबाइलवर घेते, तेव्हा तिच्याकडे आहे तोच कॅमेरा तिच्यासाठी योग्य आहे.

मित्राची ५० मिमी लेन्स मी परत केली नाही. तिच्यावरची छिद्राची कडी एफ/२२ वर आणून खिळवावी लागते, नाहीतर कॅमेरा चूक दाखवून शटरच दाबू देत नाही. मग फोकसची कडी हाताने फिरवायची आणि व्ह्यूफाइंडरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका स्थिर होईपर्यंत थांबायचे. एफ/१.८ वर आयएसओ ८०० मध्येही सभामंडपातला खांब पुरेसा उजळ येतो, आणि घाई तर दोघांनाही नसते.