आर्क्टिकचा गाळ आणि अमळनेरचा अझोला

मी जळगावला एका कॉलेजात जिऑलॉजी शिकवते. आमच्याकडे जिकडेतिकडे बेसॉल्ट, नाहीतर तापीचा गाळ, त्यामुळे समुद्राच्या तळाचा गाळ पोरं बघणार ते स्क्रीनवरच. तरी अमळनेरकडच्या एका मुलीने एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला थेट आर्क्टिक घेतलं. डेटा ऑनलाइन मिळतो, मग मी तरी कशाला नाही म्हणू.

2004 मध्ये तीन जहाजं उत्तर ध्रुवापासून साधारण 250 किलोमीटरवर लोमोनोसोव्ह रिजवर, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगेवर, गेली होती, दोन बर्फ फोडायला, एक ड्रिलिंगला, आणि तळाखाली 400 मीटरच्या पुढे जाऊन त्यांनी गाळाचे कोअर, म्हणजे लांब दांड्यासारखे नमुने, काढले. त्यात 300 मीटरच्या आसपास अझोला सापडला. हो, तोच, गोड्या पाण्यावर तरंगणारा, नेच्याच्या जातीचा, आपण ताडपत्रीच्या खड्ड्यात गुरांसाठी वाढवतो तो! वय सुमारे 4 कोटी 90 लाख वर्षं. ग्रीनलंडच्या पूर्वेला समुद्रातून त्याच्या आधीच काढलेल्या एका कोअरमध्येपण हा थर आहे. हे दोन कोअर जुळवायचे, म्हणजे इकडचा कुठला थर तिकडच्या कुठल्या थराच्या वयाचा ते शोधायचं, एवढंच तिचं काम.

तिने सरळ मीटरला मीटर लावले. अगं, एकीकडे गाळ भराभर साचतो, दुसरीकडे सावकाश, मधले थर कधी गायबच असतात, खोली जुळवून हाती काय लागणार? अझोला कुठे सुरू झाला, कुठे संपला, सोबत कुठले सूक्ष्म जीव आहेत, पृथ्वीचं मॅग्नेटिक फील्ड कुठे उलटलंय, हे एकमेकांसमोर ठेवायचं. ग्रीनलंडच्या कोअरमध्ये हे उलटे-सुलटे पट्टे वाचता येतात आणि फील्ड कधी उलटलं ते माहीत असतं, म्हणून ध्रुवाकडच्या थराचं वय ठरवायला त्याचा आधार होतो.

हे सगळं तिने निमूट ऐकलं आणि मग म्हणाली, "पण मॅडम, अझोला नदीतून वाहत समुद्रात आला असेल तर?"

प्रश्न नेमका होता. मी अझोलाच्या बिजाणूंचे (बियांसारखे बारीक कण) मायक्रोस्कोपमधले फोटो तिच्यापुढे काढले. मोठ्या बिजाणूला लहान बिजाणूंचे पुंजके बारीक हुकांनी अडकलेले असतात, लांबून वाहत आले असते तर सुटे झाले असते, इथे ते चिकटलेलेच सापडलेत. म्हणजे वाढला तिथंच.

तिचं समाधान काही होईना. समुद्र खारट, मग अझोला जगला कसा? तिने घरी फोन लावून स्पीकरवर टाकला. आई म्हणाली, "पानी खारं ऱ्हायनं ते मरी जास, मॅडम." त्यांच्या बोअरचं पाणी खारट, त्यामुळे खड्डा लाल पडून बसला होता, मग विहिरीचं पाणी घालायला लागले. मी तोवर हे फक्त वाचलेलं. त्याच थरात समुद्री सूक्ष्म जीवही भरपूर आहेत, म्हणजे खाली खारं पाणी आणि वर नद्या-पावसाच्या गोड पाण्याची साय, तीपण लाखो वर्षं अधूनमधून टिकलेली. आर्क्टिक तेव्हा जवळजवळ चारी बाजूंनी कोंडलेला होता म्हणून हे जमलं, आणि पाण्याचं तापमान 10 अंशांच्या आसपास, बर्फाचं नाव नाही. दुपारचं लेक्चर मी चक्क पुढे ढकललं.

आता तिला नॉर्थ सीकडचे थरपण जोडायचेत. तिथला अझोला आर्क्टिकमधून गोड्या पाण्याबरोबर सांडत आला असं आधी मानायचे, नंतर वेगवेगळ्या समुद्रांत वेगवेगळ्या जाती निघाल्या. म्हणजे नुसता 'अझोला दिसला' म्हणून दोन थर एकाच वयाचे धरून जुळणीची रेघ ओढता येणार नाही, जात बघावी लागेल. एक्सटर्नल परीक्षक हेच विचारणार, म्हणून जातींचा तक्ता आधी करायला सांगितलाय.