जमा नाही, खर्च नाही

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर हल्ली सुविचार असतो. नव्या सेक्रेटरींची कल्पना. वर थकबाकीदारांची यादी, खाली टाकी साफ करण्याची सूचना आणि मधे उरलेल्या पट्टीत निळ्या मार्करने उपदेश. परवा दुपारी लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती, म्हणून वाचत उभी राहिले. ‘स्वप्नांचा पाठलाग करा, पैसा आपोआप मागे येइल.’ यादीतल्या शेवटच्या थकबाकीदाराच्या नावाला अगदी खेटून. त्या गृहस्थांनी पहिला अर्धा भाग तेवढा मनावर घेतलेला दिसतो.

उपदेशाचं मला काही नाही. पण ‘येईल’ मधली ई ऱ्हस्व होती. ती पाहिल्यावर माझा हात जो शिवशिवला, तो लिफ्ट येऊन परत गेली तरी थांबेना. पर्समधलं पेन त्या गुळगुळीत बोर्डावर उमटेल तर शपथ.

हा हात शाळेपासून असाच आहे. दापोली तालुक्यातल्या आमच्या शाळेत ऑफिसच्या दाराशेजारी सुविचाराचा फळा होता आणि अक्षर बरं असल्यामुळे आठवीत तो माझ्या ताब्यात आला. सगळ्यांच्या आधी पोचायचं, शिपाईमामांकडून ओलं फडकं मागून घ्यायचं, फळा वरून खाली पुसायचा. आडवा पुसला की वाळल्यावर ढग उमटतात. मग खडू लावलेली दोरी ताणून टणकन सोडायची, की ओळ पडते. रंगीत खडू आदल्या रात्री साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवले तर अक्षर असं काही ठसठशीत येतं, की दुसऱ्या दिवशी पुसताना मामा करवादतात. पावसाळ्यात फळा वाळतच नसे. वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसायचं. या सगळ्यात सुविचार कोणता आहे, हा सर्वांत किरकोळ भाग. बाईंनी एक वही दिली होती, तिच्यातून क्रमाने उतरवायचा.

श्रावणात ती वही संपली. बाई रजेवर. मग मी स्वतःच करायला लागले.

पहिला केला तो घरामागच्या पऱ्यावर. पाऊस लागला की डोंगरातून येणारं ते पाणी दरवर्षी नवी वाट काढून आमच्या परड्यात शिरायचं आणि आजोबा त्याला शिव्या घालत दगडमातीचा बांध घालायचे. मी लिहिलं, ‘नदीला कुणी वाट दाखवत नाही.’ पऱ्या म्हटलं असतं तर तो सुविचार झाला नसता, एवढी अक्कल तेव्हाही होती. खाली कुणाचं तरी नाव हवं, म्हणून ‘एक तत्त्वज्ञ’. प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक त्यावर बराच वेळ बोलले. आत्मविश्वास, ध्येय, चिकाटी, सगळं त्यांना त्यात सापडलं. आजोबांना विचारलं असतं तर पऱ्याला वाट दाखवता दाखवता मोडलेले कुदळीचे दांडे त्यांनी काढून दाखवले असते.

लग्नाचा भटारखाना आतून बघितलेल्या माणसाला पंगतीत बसल्यावर जे होतं, ते मला सकाळी फोन उघडला की होतं. उगवता सूर्य, वाफाळता कप, आणि खाली विवेकानंदांच्या किंवा कलामांच्या नावावर खपवलेली ओळ. कुठल्या तरी आठवीतल्या मुलीची वही संपली असणार, असंच वाटतं. माझा भाचा तर प्रेरणेचे व्हिडिओ दीडपट वेगाने ऐकतो. का, विचारलं तर म्हणाला, “मावशी, वेळ वाचतो ना.” वाचलेल्या वेळात तो पुढचा व्हिडिओ ऐकतो.

शाळेत प्रेरणेसाठी म्हणून एक गोष्ट मात्र दरवर्षी ठरलेली असे, कारण ती आमच्याच तालुक्यातली. मुरुडचे धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी झाले ते. सरकारी परीक्षेला बसायला सातारा गाठायचं होतं. ऐन पावसात, अंधारात, सह्याद्री चढून हा मुलगा एकशेदहा मैल चालत गेला. सर इथपर्यंत आले की आवाज चढवायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो आणि तास संपायचा. साताऱ्याला पोचल्यावर काय झालं, ते मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. पोरगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही! म्हणजे तो तेवढंच अंतर परत आला. परतीचे एकशेदहा मैल आमच्या सरांनी कधी सांगितले नाहीत. फळ्यावर त्यांचा सुविचार होत नाही हे खरंच आहे म्हणा.

मला त्या चालण्यापेक्षाही त्यांचं नंतरचं चालणं जास्त विलक्षण वाटतं. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी हिंगण्याची वाट धरायची. १९०० साली तिथल्या माळावर विधवांच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली, तेव्हा हिंगणं पुण्याच्या बरंच बाहेर होतं. पायवाट, चिखल, अंधार. तिथे जाऊन बायकांना शिकवायचं, सकाळी कॉलेजच्या वेळेला परत पुण्यात. विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने वाळीत टाकलेला माणूस. रोज चालताना ‘मी माझ्या मूल्यांनुसार जगतो आहे’ असं काही त्याच्या मनात येत असेल असं मला वाटत नाही. बहुधा उद्याचं गणित येत असेल, नाहीतर वहाणेचा तुटत आलेला अंगठा. १९६२ साली ते गेले तेव्हा एकशेचार वर्षांचे होते. एवढ्या आयुष्यातल्या बहुतेक संध्याकाळींना काही गोष्ट नसणार. नुसतं चालणं.

असो. कर्व्यांच्या शेजारी स्वतःला उभं करायचा माझा बेत नाही. मला मोठं स्वप्न कधी पडलंच नाही. एक आहे, ते इतकं लहान की निवृत्तीच्या समारंभात ‘आता राहिलेली स्वप्नं पूर्ण करा’ असं जो तो म्हणत होता, तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही.

गावच्या घरी माळ्यावर एक ट्रंक होती. तिच्यात पणजोबांच्या दुकानाच्या वह्या. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, कसरीने कडा खाल्लेल्या. पणजोबांचं दुकान म्हणजे मीठ, गूळ, घासलेट, सुंभ. सगळं लिखाण मोडी लिपीत. आजोबांना मोडी यायची. जेवणानंतर कधी लहर लागली तर ते दोन ओळी वाचून दाखवायचे आणि चष्मा काढून ठेवायचे. फळ्याचं काम मला मिळालं तेव्हा त्यांनी त्यातली एक वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “अक्षर बरं आहे तुझं. वाच ही कधीतरी.” शिकवतो म्हणाले नाहीत. पुढच्याच वर्षी गेले.

त्या ‘कधीतरी’वर मग बँकेची नोकरी, बदल्या, डोंबिवलीची लोकल, मुलांच्या दहाव्या-बाराव्या सगळं येऊन बसलं. वही मात्र प्रत्येक बिऱ्हाडी बरोबर आली. चुलतभाऊ दादा व्यवहारी माणूस. तो म्हणाला, “पुण्यात वाचून देणारे आहेत. आठवड्यात टाईप करून देतात. पैसे मी भरतो.” भला माणूस आहे तो, उगाच म्हणत नव्हता. मी नको म्हटलं. का, ते काही नीट सांगता आलं नाही. मला वहीत काय आहे ते कळायला हवंच होतं असं नाही, ती वाचायची होती. दादाला हा फरक पटला नाही, आणि फोन ठेवल्यावर मलाही तितकासा पटेना.

तरी वाचनालयाच्या वरच्या खोलीत शनिवारचा मोडीचा वर्ग आहे, तिथे नाव घातलं. वर्गात आम्ही दोन-तीन पांढऱ्या केसांचे, बाकी सगळी तरुण पोरं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं सरकारी काम निघाल्यापासून मोडी वाचणाऱ्याला भाव आलाय. ती मुलं भराभर शिकतात, त्यांना त्यातून चार पैसे मिळवायचे आहेत. मधल्या सुट्टीत एकाने मला विचारलं, “काकू, तुम्ही कशासाठी?” मी म्हटलं, घरी एक वही आहे. त्याने मान डोलावली आणि चहा पुढे केला.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात. शब्द कुठे संपला ते आपण ओळखायचं. विरामचिन्ह नाही. र तर शेजारी कोण आहे ते बघून रूप बदलतो. उभी एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आणि ऱ्हस्व-दीर्घ, ज्याच्यासाठी आमच्या मराठीच्या बाईंनी पिढ्यान् पिढ्यांच्या हातावर पट्ट्या मारल्या, तो मोडीत पाळतच नाहीत! पहिल्या शनिवारी हे कळल्यावर मला काही वेळ सरांचं बाकीचं बोलणं ऐकूच आलं नाही. पणजोबांनी आमच्या सेक्रेटरींचा सुविचार डोळे मिटून पास केला असता.

आता रोज दुपारी, भांडी आवरली की, भिंग घेऊन बसते. एक पान लागायला दोन-दोन दुपारी जातात, कधी जास्त. कंटाळाही येतो. प्रेरणा वगैरे म्हणाल तर तिचा पत्ता नाही. उलट भिंग हातात घेतलं की बरोबर तेव्हाच बाल्कनीतलं कपाट आवरावंसं वाटतं.

वही म्हणजे रोजकीर्द आहे. माथ्यावर श्री, तिथी, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक. कुणाकडून किती, कशाचे. आषाढातली पानं लागली तेव्हा मी गोंधळले, कारण प्रत्येक पानावर तेच तेच शब्द येत होते. मला वाटलं, माझंच वाचायला चुकतंय. शनिवारी सरांना दाखवलं. ते म्हणाले, बरोबर वाचताय. ‘जमा नाही. खर्च नाही. शिल्लक कालची.’ झड लागलेली असणार, गिऱ्हाईक फिरकलेलं नाही. तरी दिवसाचं पान आहे. श्री आहे, तिथी आहे, रेघ तितकीच सरळ. या वह्या तपासायला कोण येणार होतं? इतक्या आडबाजूच्या दुकानात?

मग शके १८४० चा आश्विन आला. इंग्रजी १९१८. सगळ्या मुलखात मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ होती, माणसं पटापट जात होती, हे पुस्तकात वाचलेलं. खर्चाच्या बाजूला ओळ होती: ‘मडके १. कोरे कापड.’ मी दोनदा वाचली. नाव कुणाचं नाही. दुसऱ्या दिवशीचं पान आहे, पण त्याच्या माथ्यावर श्री नाही. तिथी, जमा नाही, खर्च नाही, शिल्लक. पुढच्या पानावरही श्री नाही. त्याच्याही पुढच्या. मधेच पुन्हा एकदा ‘मडके १’. रेघ मात्र तशीच ओढलेली, अक्षरं तशीच लटकवलेली. दुपारचा चहा राहिला, मी नुसती पानांचे माथे बघत उलटत गेले. कार्तिकात श्री परत आला. त्या दिवशीची जमा मिठाची होती.

त्या साथीत घरातलं कोण गेलं, ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. आत्याला विचारलं, तर तिला ‘लहान मुलं गेली म्हणे’ एवढंच ठाऊक.

रात्री दादाचा फोन आला. “लागतंय का वाचायला? काय काय आहे?”

“मीठ आहे, गूळ आहे, घासलेट.”

“जमिनीचं काही?”

“अजून तरी नाही.”

तो जरा थांबला. “बरं, सावकाश वाच,” म्हणाला, “पण कुळाचं नाव कुठे दिसलं, तर त्या पानाचा फोटो काढून ठेव.”