उधाणाचा एक फोटो आणि माझा गेलेला महिना

भरतीचं पाणी रस्त्यावर कुठवर चढतं याच्या नोंदी करायला स्वयंसेवक हवे होते म्हणून मी नाव दिलं. नोंदणी, तासाभराचं ऑनलाइन ट्रेनिंग, सगळं पटापट झालं. कामही सोपं, उधाणाच्या दिवशी ठरलेल्या जागी जायचं, फोटो काढायचा, अपलोड करायचा.

पहिला फोटो झकास आला. पावसाचा टिपूस नाही, लख्ख ऊन, आणि गटाराच्या जाळीतून समुद्राचं पाणी उलटं वर येतंय! टाकला आणि आठवडाभर नुसतं 'तपासणी सुरू आहे'. मग मेल आला, 'नोंद नाकारली, वेळ व ठिकाण आढळले नाही.' अहो, फॉर्ममध्ये स्वतःच्या हाताने वेळ भरलीये की मी! दोनदा विचारलं तेव्हा तीच ओळ कॉपी-पेस्ट होऊन परत आली. बरं, उद्या जाऊन नवा काढावा तर तसंही नाही, उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच, म्हणजे पंधरा दिवस थांबा. थांबले, गेले, तर पाणी जाळीपर्यंत आलंच नाही (सगळी उधाणं सारखी नसतात, चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना जास्त चढतं, हे तेव्हा कुठे माहीत). हात हलवत परत. अजून पंधरा दिवस. तिसऱ्या खेपेला मस्त फोटो मिळाला, आणि परत रिजेक्ट, शब्दसुद्धा तेच!

शेवटी वैतागून फोन लावला. पलीकडच्या मुलीने एवढंच विचारलं, "फोटो फोनमधून डायरेक्ट टाकता का?" मी आपली मेसेजिंग ॲपवर स्वतःलाच पाठवून लॅपटॉपवरून टाकत होते. तसं केलं की फोटोच्या आत नोंदलेली वेळ आणि लोकेशन पुसलं जातं म्हणे. मूळ फोटो फोनमध्ये होतेच, दोन्ही टाकले, दुसऱ्या दिवशी मंजूर. एवढं एक वाक्य मेलमध्ये लिहायला काय जात होतं?

तर कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच चालू करा. फ्रेममध्ये न हलणारं काहीतरी घ्या, पायरी, खांब, कठडा, नाहीतर पाणी किती चढलं ते कळणार कसं. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, कालच्या वेळेवर जाऊ नका. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची चंद्र-सूर्याच्या हिशोबाची असते, वारा किनाऱ्याकडे असेल किंवा हवेचा दाब उतरला असेल तर पाणी त्याहून वर येतं, दाब 1 हेक्टोपास्कल कमी झाला तर साधारण 1 सेंटिमीटर, म्हणून तर आपले फोटो लागतात. आणि हो, साचलेल्या पाण्यात उतरू नका, खाली गटाराचं झाकण निघालेलं असलं तर दिसत नाही.

फोन ठेवता ठेवता ती मुलगी म्हणाली, "मधल्या त्या दिवसाचा फोटो पण टाका ना, पाणी आलं नाही हीसुद्धा नोंदच असते." त्या दिवशी मी फोनच बाहेर काढला नव्हता.